किल्ली ज्याची त्याच्याजवळ

अण्णा, पेट्यांची गोष्ट मी आजवर चुकीची सांगत आले. गेल्या आठवड्यात कॉलेजातही तशीच सांगितली: तुम्ही आम्हा दोघी बहिणींना पत्र्याच्या पेट्या आणल्यात, पण किल्ल्या स्वतःजवळ ठेवल्यात. तसं नव्हतं. किल्ल्या आमच्याजवळच होत्या. ताई कुलूप लावायला विसरली आणि मी तिची वही वाचली. चुलीपुढे तुम्ही माझ्याकडून पाढे म्हणून घेताय, ताई रडत येते, तुम्ही थांबता.

"कावून वाचली गं?"

"उघडीच व्हती."

"उघडी हाय म्हणून तुझी झाली का?"

आई म्हणते, "जाऊ द्या, लेकरू हाय."

"लेकराला वाचाया मीच शिकवलंय," तुम्ही म्हणता, आणि त्या दिवशी पुढचा पाढा होत नाही.

आता पाटोद्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे आहे. सगळ्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही प्रणाली, मुख्य पासवर्ड फक्त माझ्याजवळ. विद्यार्थ्यांची खाती मीच उघडली, तीही अशी की कुणाचीही फाइल कुणालाही वाचता यावी, शिकवायला सोयीचं. गेल्या आठवड्यात एका मुलीनं मामाला लिहिलेलं पत्र, आत्ताच लग्न नको म्हणून, मुलांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. ती माझ्याकडे आली. "मॅडम, तुमच्या पासवर्डनं कुलूप लावून द्या." तेव्हाच मी ती पेट्यांची गोष्ट सांगितली, किल्ली मोठ्यांकडे असलेली बरी म्हणून.

मग नीट पाहिलं, तर यात माझं कामच नाही. तिनं आपल्या खात्यात एक डिरेक्टरी, म्हणजे फाइली ठेवायची पेटीच, करायची, पत्र तिच्यात ठेवायचं, आणि chmod 700 ही कमांड लिहून पुढे त्या डिरेक्टरीचं नाव द्यायचं. त्यानंतर इतर विद्यार्थ्यांना ती उघडत नाही. साध्या खात्यातून होतं, कुणाला विचारावं लागत नाही. हे मी पहिल्याच तासाला शिकवायला हवं होतं. माझ्या मुख्य पासवर्डला मात्र ते कुलूप अडवत नाही. तेही त्यांना सांगायला हवं.

आणि ते पत्र मीही वाचलं, अण्णा. फाइल खरंच उघडी आहे का एवढंच बघायला गेले होते, शेवटच्या ओळीपर्यंत गेले. तिला ठाऊक नाही. कुलूप मागायला आली त्या दिवसापासून ती लॅबला आलेली नाही. येत्या सोमवारी तिचं प्रॅक्टिकल आहे, ते ती बुडवणार नाही. कमांड शिकवण्याआधी तिला हे सांगणार आहे. सोमवारीच.