अगदी बापावर गेलायस

प्रिय आई,

खोकला गेला, जेवते वेळेवर. तू गुडघा शेकतेस ना?

डोकं मात्र उठलंय. संशोधनासाठी दत्तक मुलांच्या घरी जाऊन आम्ही मुलाखती घेतो. "मुलावर कधी चिडता का?" विचारलं की प्रत्येक आई म्हणते, "छे, कधीच नाही!" जणू मी मूल परत न्यायलाच आलेय. मीही दत्तकच ना? तुझा ओरडा काय कमी खाल्ला?

काल अशाच एका घरी पोराने माझ्या रेकॉर्डरवर दूध सांडलं. त्याची आई कडाडली, "मेल्या, अगदी बापावर गेलायस!" बाप खुशीत हसला. आमच्या प्रमुख बाई म्हणतात, "हे संशोधनात बसत नाही, काढून टाक." मग बसतं तरी काय, डोंबल?

कमरेवर हात ठेवून भांडले त्यांच्याशी. बाबांना विचार, मी कुणावर गेलेय.

तुझी भांडकुदळ लेक