तुमचं शेवटचं मत

बाबा, आज मतदान झालं. आईला घेऊन मी प्लांटच्या वसाहतीत, आपल्या सेक्टरच्या शाळेतल्या बूथवर गेले होते, तुम्ही जायचे त्याच खोलीत. तिला आता मशीनवरची चिन्हं दिसत नाहीत, म्हणून सोबतीला मला आत सोडलं. तिच्यासाठी कोणतं बटण दाबलं ते बाहेर सांगणार नाही, अशा कागदावर माझी सही घेतली. मी सही करत होते तर आई एकदम हसली. "मीबी केली होती," म्हणाली. मला वाटलं, म्हातारपणाचं बोलणं.

मतदान आलं की आपल्या घरात सण असायचा. फर्स्ट शिफ्ट करून आले की तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसायचे आणि अख्ख्या जिल्ह्याच्या मतांची वाटणी करायचे. "सेक्टरवाले आपले. नेहरू नगरवाले त्यांचे, घर बांधलं का माणूस बदलते. अन् कुम्हारीवाले ज्याच्या गाडीत बसले त्याचे." आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, "अन् मी?" "तू तं आपलीच ना वो!" पण निकाल लागला की सेक्टरवाले दरवेळी थोडे कमी आपले निघायचे. प्लांटमध्ये ठेकेदारी आली, आपल्या युनियनच्या मीटिंगला खुर्च्या उरायला लागल्या. तुम्ही म्हणायचे, "लोक फिरले तं फिरू दे. आपलं घर नाही फिरणार."

मग दादा फिरला. कुम्हारीच्या कारखान्यात लागला होता, आणि एक दिवस समोरच्या पक्षाच्या रॅलीतून तसाच घरी आला, गळ्यात त्यांचा गमछा. आईने ताट वाढलेलं होतं. तुम्ही आवाजसुद्धा चढवला नाही. "तो गमछा काढून बस, नाही तं जा." तो म्हणाला, "बाबा, सेठ बोला तो जाना पडता है. नोकरी आहे मायी." तुम्ही ताट बाजूला सरकवलं. तो गेला आणि कुम्हारीलाच राहिला. मला तुम्ही बजावलं, "त्याच्या दारात पाय ठेवशील तं मले बाप म्हणू नको." नाही ठेवला मी, बाबा! त्याच्या लग्नाला गेले नाही. त्याच्या पोरीच्या बारशासाठी विणलेलं स्वेटर कपाटातच राहिलं. माझा बाप तत्त्वाचा माणूस आहे, तर एवढं मला सोसलं पाहिजे, असं मी स्वतःला समजावून राहिले होते.

आज परत येताना ऑटोत आईने सांगितलं. तुमचे डोळे गेले होते, त्या शेवटच्या मतदानाला तुमच्यासोबत आत तीच गेली होती. तुम्ही तिच्या कानात सांगितलं, दादाच्या पक्षाचं दाब. "मी म्हटलं, कावून हो? तं म्हणे, पोरगा तिकडं आहे ना. एवढं तं देतो त्याले." इतकी वर्षं ती गप्प राहिली, कारण तिने सही करून दिली होती. आता म्हणते, "माया जिवाचा काय भरवसा, कोणाले तरी माहीत पाहिजे."

काय म्हणू तुम्हाला! मत दिलं, आणि एक हाक नाही मारवली? त्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. तुम्ही बाहेर आले, शाईचं बोट मला दाखवून म्हणाले, "आपलं घर फिरलं नाही, बाई." आणि मी येडी, तुमचा हात धरून मोठ्या मानाने तुम्हाला पायऱ्या उतरवत होते. त्याला तुम्ही गुपचूप माफ करून टाकलं आणि मला पहाऱ्यावर ठेवलं. फसवलं तुम्ही मला. दुसऱ्या कोणी असं फसवलं असतं तर मी तुमच्याजवळ येऊन रडले असते.

संध्याकाळी दादा आला. तुम्ही गेल्यापासून येतो तो, आईजवळ घडीभर बसतो. चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं म्हणाला, "बाबा आखरी तक मायावर नाराजच होते ना?" आईने तोंड माझ्याकडे वळवलं. मी म्हटलं, "साखर बरोबर आहे ना चहात?" तो हो म्हणाला, आणि थोड्या वेळाने बाईक काढून कुम्हारीला निघून गेला.

एक वाक्य सांगायचं होतं, बाबा. त्याला जन्मभर पुरलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं नाही, मला त्याचा हेवा वाटला. आईचं बटण दाबून झाल्यावर मी माझं मत टाकलं होतं, तिने ऑटोत काही सांगायच्या आधी. दरवेळी टाकते तसंच, तुमच्या युनियनच्या उमेदवाराला. त्या झेंड्याखाली आपल्या घरातली मी कधीची एकटीच उभी होते, आणि तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही.