सातवा मुद्दा

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. मायन्यात ‘सौ.’ लिहावं की नाही यात माझी दहा मिनिटं गेली. प्रकरण चालू आहे तोवर लिहायला हरकत नाही, पण वाचून तुला राग आला तर? म्हणून नुसतं वहिनी. हे पद तुला मी दिलंय, कोर्टाने नाही. काढून घ्यायचं तर मीच घेणार, आणि मी घेत नाही.

तुझं पत्र पोचलं. फोन नको, फोनवर आपण दोघी रडतो आणि मुद्दा राहून जातो, हे अगदी पटलं. इकडे सगळं ठीक. दादाही ठीक. वरच्या मजल्यावरून वॉशिंग मशीनचा आवाज येतो, म्हणजे कपडे धुतोय. काय टाकलं त्यात देव जाणे, सगळे शर्ट फिकट निळे झालेत. लिफ्टच्या कंपनीत लोकांना वाटलं नवा गणवेश आला.

भिंगरीचा पुढचा दात पडला आणि ‘तू लोकांना कवळ्या करून देतेस, मला एक दात नाही होय’ म्हणून ती तुझ्या लॅबमध्ये अडून बसली, हे वाचून मी कोर्टातल्या माझ्या टेबलापाशी एकटीच हसले. एक पक्षकार घाबरून मागे सरकला.

आता तुझे प्रश्न. मी वकील नाही, हे आधीच सांगते. पण कोर्टाच्या जिन्याखाली बावीस वर्षं अर्ज टाईप करतेय. वकिलाला विचारायची लाज वाटते ते लोक मला विचारतात, कारण मी मान वर न करता उत्तर देते.

घर सोडून आले म्हणून मुलगी हातची जाईल का, असं तू विचारतेस. अगं, रोज दोन-तीन बायका हेच विचारतात. कोण घराबाहेर पडलं हे कोर्ट मोजत बसत नाही, मुलीचं भलं कुठे आहे ते बघतं. तिची शाळा, तिची झोप, आजारपणात कोणाला हाक मारते. परवा एक ट्रकवाला म्हणाला, “बाई, मूल बापाचं नाव लावतं, मग ते बापाचंच ना?” मी म्हटलं, “नाव तुमचं, पण दुधाचा पहिला दात कधी पडला ते ठाऊक आहे का?” तर त्याने चार दातांच्या चार तारखा सांगितल्या! तेव्हापासून टोमणे मारणं बंद केलंय.

पोटगीचं म्हणशील तर तू कमावतेस, त्यामुळे तुझ्यापुरती कदाचित मिळणार नाही, आणि तू मागतही नाहीस. पण भिंगरीचा खर्च हा तिचा हक्क आहे. तो दोघांनी आपापल्या ऐपतीने उचलायचा. त्यात संकोच करू नकोस. दादा हट्टी आहे, कंजूष नाही.

आणि भिंगरीला पिंजऱ्यात उभं करणार नाहीत, घाबरू नकोस. समुपदेशक बाईंची वेगळी खोली आहे. तिथे खेळणी आहेत, गप्पा मारतात. आई हवी की बाबा, असं तोंडावर कोणी विचारत नाही. आपल्या भिंगरीला विचारलंच, तर उलटतपासणी बाईंचीच होईल.

राहिला दादाच्या नोटिशीतला सातवा मुद्दा. मुलीला घरी एकटं सोडलं आणि तिची बोटं भाजली, हा. तू लिहितेस, ‘ते खरंच आहे, वार सांगण्यात माझीच चूक झाली. कबूल करून टाकू का? आणि जिला वार लक्षात राहत नाही तिने ताबा मागावा तरी कोणत्या तोंडाने?’

त्याचं उत्तर तुझे वकील देतील. इतक्यात काही कबूल करू नकोस. मुदत आहे अजून.

इकडे थंडी फार आहे. प्रिंटर सकाळी दोन कागद चावतो आणि मग चालू होतो. पक्षकारांची रांग लागली आहे, तेव्हा इथेच थांबते. भिंगरीला पापा.

तुझी नणंद


१२ जानेवारी

वहिनी,

तू मंगळवारच म्हणाली होतीस.

नमस्कार-चमत्कार आज राहू दे. तीन दिवस हे एक वाक्य पोटात घेऊन फिरतेय. ते आधी लिहिलं, आता बाकीचं लिहिता येईल.

जिन्यात आपण भेटलो तो सोमवार होता. तुझ्या हातात दुधाची पिशवी होती. तू म्हणालीस, “उद्या मंगळवार. लॅबमध्ये एक तातडीची कवळी आहे, मला सात वाजतील. चारला भिंगरी येईल, बसशील ना तिच्यापाशी?” मी म्हटलं, “हे काय विचारणं झालं?” सगळं स्वच्छ आठवतं मला. तेव्हाही आठवत होतं.

मंगळवारी साडेतीनला मी टेबल आवरलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा मुद्रांक विक्रेता उभा राहिला. अकरा वर्षं तो माझ्या शेजारी बसतो. त्या अकरा वर्षांत टाचण्या आणि सुटे पैसे यापलीकडे त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाला, “चहा घेऊ या? समोर. बसून.”

बसून, वहिनी! मी एक्केचाळीस वर्षांची. मला कोणी बसून चहा विचारलेला नाही. म्हटलं, दहा मिनिटं. भिंगरीकडे किल्ली आहे, ती शहाणी आहे. मग त्याने त्याच्या पहिल्या नोकरीचा किस्सा सांगितला, मी हसले, त्याला हुरूप आला. घड्याळ पाहिलं तेव्हा सहा वाजून गेले होते. म्हणजे घड्याळ मी आधीही पाहिलं होतं. पाच वाजता. तरी उठले नाही.

घरी आले तर दादा माझ्याआधी पोचलेला. भिंगरीचा हात थंड पाण्याच्या पातेल्यात. तिने स्वतःसाठी दूध तापवायला घेतलं होतं. दादाने विचारलं, “हिला एकटीला ठेवून गेली? तुला काही सांगितलं नव्हतं तिने?”

बघ, प्रश्नातच पळवाट होती. मी शिरले. “नाही,” म्हटलं.

मग तू आलीस, आणि तुझ्या तोंडावर मी म्हटलं, “वहिनी, तू बुधवार म्हणालीस.” तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता सुनावशील. त्याऐवजी तू मान खाली घातलीस आणि म्हणालीस, “कामाच्या नादात चुकले असेन.” भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि स्वतःवरचा काढून घेतलास. त्यानंतर तू प्रत्येक गोष्ट कागदावर लिहायला लागलीस, ते चिटोरे फ्रिजवर मी पाहत होते.

आणखी एक. ती नोटीस आणि तिच्यासोबतचा ताब्याचा अर्ज मीच टाईप केला. दादाच्या वकिलांचं सगळं काम माझ्याच टेबलावर येतं. सहा मुद्दे सरळ झाले, सातव्याला ‘भाजली’ हा शब्द तीनदा चुकला. तेव्हा उठायला हवं होतं. मी दुरुस्त करून प्रिंट काढली.

उद्या दादाला सांगते, मग समुपदेशक बाईंना. आधी तुला, कारण चोरी तुझी झाली होती. हे पत्र तुझ्या वकिलांना दे. सही नीट वाचता येईल अशी केली आहे. माफी मागत नाही, कारण मागितली की तू देशील, तुझा स्वभावच तसा आहे.

सही करते, नातं लिहीत नाही.


२८ मार्च

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आलं. चार घड्या उलगडल्या आणि आत एकच ओळ: ‘चहा तरी बरा होता का?’

नव्हता गं. पाणचट होता आणि कपाचा टवका उडालेला. माणूस बरा निघाला.

मागच्या शुक्रवारी समुपदेशक बाईंच्या खोलीत तुम्हा दोघांच्या सह्या झाल्या. भिंगरी तुझ्याकडे, शनिवार-रविवार दादाकडे, सुट्ट्या अर्ध्या-अर्ध्या, शाळेचा खर्च दोघांचा. ते तुला माहीत आहे. पण त्याआधी काय घडलं ते तुला कोणी सांगितलं नसणार. दादा तर सांगायचाच नाही.

तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कामावर गेले. एका सात मजली इमारतीत तो लिफ्टच्या टपावर चढून काहीतरी आवळत होता. मला फक्त गुडघ्याखालचे पाय दिसत होते. मला तेच सोयीचं वाटलं. तोंडाला सांगायचा धीर झाला नसता, पायांना सांगितलं. मंगळवार, चहा, सहा वाजले, सगळं. मध्ये पान्याचा आवाज थांबला. पाय हलेनात.

मग वरून आवाज आला, “तू खोटं बोलूच शकत नाहीस, असं मी कोर्टात सांगणार होतो.”

“माहितीय.”

“मी तिला चार महिने त्या एका दिवसावरून बोललो. जेवताना, झोपताना. ती एकदाही उलटून बोलली नाही.”

“तिला स्वतःचंच खरं वाटत नव्हतं, दादा.”

तो खाली उतरला. हात तेलाने काळे, चेहरा त्याहून वाईट. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. तो पायरीवर बसला आणि इतकंच म्हणाला, “सातवा मुद्दा काढायचा तर सगळा अर्ज पुन्हा टाईप करावा लागतो का?” मी म्हटलं, “मी करून देते.” तर म्हणाला, “नको. दुसरीकडे करून घेतो.” ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

त्याने ताब्याचा अर्जच मागे घेतला, हे तू पाहिलंस. मला वेडी आशा होती की आता तुमचं जुळेल. त्यालाही होती बहुतेक. पण तुझं मोडलं ते एका मंगळवारने नाही, हे मलाही कळतं. घटस्फोट तुम्ही संमतीने घेताय, तो घ्या. मी मध्ये पडत नाही. मध्ये पडून मी काय दिवे लावले ते आपण पाहिलंच.

सह्यांच्या दिवशी तुम्ही आत होतात आणि भिंगरी बाहेर माझ्या बाकावर. आता नवा दात अर्धा आलाय, त्यामुळे बोलते कमी आणि शिट्टी जास्त. मी तिलाही सांगितलं. तिची बोटं होती, तिला कळायला हवं होतं. ती म्हणाली, “म्हणजे आई विसरली नव्हती?”

“नाही. आत्या खोटं बोलली.”

“मग आईला सांग.”

“सांगितलं.”

“मग बाबांना सांग.”

“सांगितलं.”

“मग आता मला बिस्किट दे,” म्हणाली, आणि पुडा संपवला. वहिनी, आमच्या कोर्टात इतक्या लवकर निकाल लागलेला मी पाहिला नाही. पण जाताना तिने वळून विचारलं, “आत्या, आई आता चिठ्ठ्या लिहायची थांबेल का?” “आईला विचारते,” म्हटलं. उत्तर तुझ्याकडे आहे.

आता माझं. मुद्रांक विक्रेत्याला मी सगळं सांगितलं तेव्हा तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं, संपलं. आठव्या दिवशी म्हणाला, “तुम्ही दादांना सांगून आलात हे कळलं. आता विचारायला हरकत नाही.” आणि विचारलं. सगळा व्हरांडा ऐकत होता. हजारभर घटस्फोट टाईप केलेल्या बाईने लग्न करावं का, यावर शिपायांत पैजा लागल्यात. मी हो म्हटलंय.

अठरा एप्रिलला, सकाळी अकराला, नोंदणी कार्यालयात. भपका काही नाही. तीन साक्षीदार लागतात. त्याच्याकडून एक त्याचा भाऊ, माझ्याकडून एक दादा. दादाने हो म्हटलंय, शर्ट पांढरा घालीन म्हणालाय, बघू. तिसरी जागा तुझ्यासाठी आहे. दादाच्या शेजारी उभं राहायचं नसेल तर पाच मिनिटं पुढेमागे ये, सही वेगळी घेतात, मी विचारून ठेवलंय. येणार नसशील तर तेही समजेन, त्यावर एक शब्द बोलणार नाही.

अर्ज मीच टाईप केला. साक्षीदाराच्या नावापुढे ‘वधूशी नातं’ असा रकाना असतो. दादाच्या पुढे ‘भाऊ’ लिहिलं. तुझ्या पुढे ‘वहिनी’ लिहायला अठरा तारखेला कायद्याची आडकाठी नसेल, निकाल तोवर लागत नाही. पण तुला न विचारता तुझ्याबद्दल मी एकदा बोलून बसले आहे. हा रकाना कोरा ठेवलाय. तू ये आणि तुला वाटेल ते तुझ्या हाताने लिही.

तोवर,
भिंगरीची आत्या