कामिनीवरची काजळी

चारकोप, कांदिवली (प.)
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. शकु,

सप्रेम जयभीम आणि दादाचे आशीर्वाद.

गुडघा कसा आहे? आकाश सांगत होता, व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंशी तू रोज भांडतेस. भांड, पण पाय वाकव. घाटकोपरला लेकाकडे आयतं ताट मिळतंय तर चार दिवस खा. ऑपरेशन झालेल्या बाईने स्वयंपाकघरात लुडबुड करायची नसते.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं वाटेल तुला. तू रोज विचारतेस, "दादा, माझा गुलाब कसा आहे?" आणि मी "झकास" म्हणून फोन ठेवतो. शकु, तुझा गुलाब झकास नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की तोंडातून पुन्हा "झकास"च निघतं, म्हणून लिहायला बसलोय. सगळं वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

जानेवारीत आपल्या चौकातल्या कामिनीच्या झुडपांच्या कुंपणाची पानं काळी पडायला लागली. सुरुवात नेमकी तुझ्या दारासमोर, कमानीवर गुलाब चढलेला तिथून. सेक्रेटरी सुबोध मला घेऊन गेला. "काका, तीस वर्षं पालिकेच्या बागा सांभाळल्यात तुम्ही. बघून सांगा ना, काय झालंय ते."

चार माणसं जमली होती. मी हात मागे बांधून, साहेबासारखं उभ्या उभ्या पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. "गुलाबाचा रोग आहे. काळे ठिपके. वेलीवरनं कुंपणावर उतरलाय." पावसाळ्यात तुझ्या गुलाबावर ठिपके आले होते, आपण दोघांनी ती पानं खुडली होती, तेच डोक्यात बसलेलं.

कमिटी म्हणाली, मग वेल काढा, नाहीतर अख्ख्या कुंपणाची वाट लागेल. सुबोध बिचारा म्हणाला, "शकुमावशींना एकदा विचारूया ना." मीच ऐटीत म्हणालो, "माझी बहीण आहे, मी सांगतो तिला." सांगितलं नाही. २८ तारखेला सकाळी मीच कैची घेऊन वेल उतरवली. दुसऱ्या कुणाचा कोयता तिला लागू नये, एवढंच मनात होतं. बारा वर्षांची वेल. तिच्याखाली बसून तू तांदूळ निवडायचीस. वीतभर खुंट तेवढा ठेवला.

परवा शुक्रवारी शेजारच्या श्वेताने फुलदाणीत लावायला कामिनीच्या दोन फांद्या तोडल्या आणि नळाखाली धुतल्या. तशीच ओल्या हातांनी माझ्या दारात आली. "काका, तुमचा रोग धुतला गेला की! हे पान बघा, हिरवंगार आहे."

मी न धुतलेलं एक पान मागून घेतलं आणि अंगठ्याने चोळलं. अंगठा काळा झाला.

ती काजळी होती गं. कामिनीच्या पानामागे पांढरी माशी बसते, तिचा गोड चिकटा खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर ही काळी बुरशी धरते. साबणाच्या पाण्याने जाते. गुलाबाच्या ठिपक्यांशी तिचा काडीचाही संबंध नाही, तो ठिपका चोळून जात नाही. नव्या माळ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो, आधी पान चोळा, मग तोंड उघडा. कुंपणावर मुंग्यांची रांगसुद्धा लागली होती म्हणे. मला एकही मुंगी दिसली नाही.

दिसली नाही म्हणजे काय, तेही लिहितो. दिवाळीपासून डाव्या डोळ्यापुढे धूर आहे. उजव्याने समोर माणूस आहे हे कळतं, कोण ते आवाजावरून ओळखतो. हे पत्र जाड स्केचपेनने, पानावर सहा-सहा ओळी लिहितोय. तू डोळे तपासायला दोनदा सांगितलंस, तर मी तुझ्यावरच खेकसलो. त्या दिवशी पान तोडून नाकाशी धरलं असतं, तर चारचौघांना कळलं असतं की भीमराजला दिसत नाही. म्हणून हात मागे बांधले होते. माझा तोरा राहिला आणि तुझी वेल गेली.

तुला सांगितलं असतं तर तू स्वतःचं ऑपरेशन पुढे ढकलून माझ्यामागे लागली असतीस, असं मी मनाला समजावलं. ते अर्धंच खरं. मला भीती वाटत होती, शकु. अजून वाटते.

काल मीटिंग बोलावून सगळ्यांसमोर चूक कबूल केली. सुबोध चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मंगळवारी सुट्टी टाकतो काका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊया." जातोय. कुंपण धुऊन काढलंय. खुंट मात्र कुणाला खणू दिला नाही.

श्वेता म्हणते, त्याला बाजूने लालसर कोंब आलाय. खरंच आलाय की म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून म्हणते, कोण जाणे. हात लावून बघायचा धीर होत नाही, कोंब असलाच तर माझ्या बोटाने मोडायचा. पाय बरा झाला की ये आणि तूच बघून सांग. नसला, तरी खरं सांग.

तुला न विचारता तुझी वेल तोडणारा,
तुझाच
भीमदादा