शेवडे बल्ब

३ एप्रिल, गुरुवार

माझ्या पीएचडीच्या गाइडचं, शेवड्यांचं, तोंड पुन्हा बघायचं नाही असं ठरवलंय. आणि उद्या सकाळी त्यांच्याच लॅबमध्ये जायचंय.

आज दुसऱ्या वर्षाच्या तासाला माझा बल्ब हातात धरून उभे. काजूच्या बोंडांचा रस आंबताना फेस उसळतो, तो चंबूबाहेर येऊ नये म्हणून वर बसवायचा काचेचा फुगा. मी काढलेला, मी घडवून घेतलेला. आणि हे मुलांना सांगतायत — "केल्डाल नावाचा केमिस्ट बीअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायचा. जाऊन सव्वाशे वर्षं झाली, तरी त्याच्या फ्लास्कला नाव त्याचंच. तसा हा बघा, शेवडे बल्ब."

टाळ्या! मी मागे उभी.

७ एप्रिल

विचारलंच. "सर, बल्ब माझा आहे."

चष्मा पुसत म्हणाले, "आणि लॅब कोणाची, दर्शना?"

थेरडा.

९ एप्रिल

प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. शेजारच्या टेबलावरची ऋतिका म्हणते, "पीएचडी हातात पडेपर्यंत गप्प बस ना." नाही बसणार.

१५ एप्रिल

बल्ब फुटला.

रसातला चोथा वरच्या नळीत अडकला, गॅसला वाटच राहिली नाही. आमचे लॅब अटेंडंट आत्माराम नेमके समोर. काच भुवईत घुसली. डोळा थोडक्यात वाचला.

नळी अरुंद होती. मीच ठेवलेली — रुंद केली की फेस बाहेर यायचा.

दवाखान्यात आत्मारामच माझी समजूत घालतायत. "मॅडम, तुमी कशाला रडताव? डोळा हाय जाग्यावर."

१६ एप्रिल

तक्रार मागे घेतली. गैरसमज झाला म्हटलं. शेवड्यांना नाव हवं होतं ना? घ्या आता.

१७ एप्रिल

चौकशी. म्हातारा सगळं माझ्यावर ढकलणार, याची खात्री होती. माझ्या तक्रारीची प्रत प्राचार्यांनी त्यांना तेव्हाच दिली होती. समोर फायलीत दिसत होती. काढली नाही. "बल्बला नाव माझं आहे. न तपासता वापरू दिला. चूक माझी."

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

प्राचार्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही, सर."

घरी येऊन जेवले नाही. कोणी मागितले होते यांचे उपकार? पहिल्यापेक्षा जास्त राग येतोय त्यांचा. आत्मारामच्या भुवईला टाके आहेत, आणि मी "नाही, सर" म्हणाले.

१९ एप्रिल

लिहून काढलं. बल्ब माझा, नळी मी अरुंद ठेवली. प्राचार्यांकडे देण्याआधी शेवड्यांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. म्हणाले, "तारीख राहिली." आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.