माझे कपडे दगडावर आपटू नयेत

मी, लवू गणपत परब, वय बावीस, राहणार तोंडवली, तालुका मालवण, शिक्षण मराठी पाचवी, तीही अर्धीच, डोके ठिकाणावर ठेवून हे लिहितो. (भाई म्हणतो, ते कधीच ठिकाणावर नव्हते. त्याची हरकत साक्षीदारांनी ऐकू नये.) उद्या इन्सुलीस जातो. तेथून हद्द ओलांडून गोव्यात, सत्याग्रहाला. पलीकडचे पोर्तुगीज शिपाई गोळी घालतात असे ऐकतो, म्हणून व्यवस्था लावून ठेवतो. घर-जमीन भाईच्या नावावर. माझे म्हणण्यासारखे काय ते कपडे.

१. मांजरपाटाचा कॉलरवाला सदरा थोरला भाऊ काशिनाथ, म्हणजे भाई, याने घ्यावा. कणकवलीत शिवला. कॉलर एकदा उलटवून झाली, तरी बरीच वर्षे चालेल. भाईचे खांदे रुंद, त्याचे सदरे काखेत जातात. आधी पट्टी लावून घ्यावी.

२. शेवंतीवहिनीने तो दगडावर आपटू नये. कापड अंगावर मरत नाही, दगडावर मरते. मी हे बोललो तेव्हा म्हणाली, "इतको जीव आसा सदऱ्यार, तर तुमीच धुवा, भावजी!" मी धुतला नाही. पण मुद्दा माझाच बरोबर. पावसात चुलीवरही वाळत घालू नये, ठिणगीने भोके पडतात.

३. निळी चड्डी, मचव्यावर कामाला होतो तेव्हाची. खाऱ्या पाण्याचे मीठ धाग्यात राहते, मग कापड घडीवर तुटते. वेंगुर्ल्याला एकदा मचवा हाकणारा तांडेल आणि मी, ते असो. चड्डीची फडकी करावीत.

४. बेळगावची घोंगडी थोरल्या बहिणीला, अक्काला. घोंगडी झिजत नाही, कसर खाते. निरगुडीचा पाला घालून ठेवावी. भाईने मागितली तरी देऊ नये.

५. जाताना मी ठिगळांचा जुना सदरा घालीन. मेल्याच्या अंगावरचे कापड आमच्यात घरात घेत नाहीत. चांगला फुकट का घालवावा? जुन्यावर आतून लाल दोऱ्याने माझे नाव घाल, ओळख पटेल, असे सांगून तो अक्काकडे दिला.

६. वरील लिहून झाल्यावर परसात गेलो. अक्काने जुना सदरा बादलीत भिजत घातला होता. श्रावणात तो उद्यापर्यंत वाळायचा नाही. मी ओरडलो. ती पिळतही नव्हती.

"चांगलो घालून जा," म्हणाली. "भाईक देवचो आसलो, तर तूच परत घेवन ये."

सबब कलम १ मध्ये दुरुस्ती: सदरा भाईला मी स्वतः आणून देईन. तोवर त्याने वाट पाहावी.

सही: लवू गणपत परब
साक्षीदार: श्रीपाद सामंत, गुरुदास मेस्त्री
(अक्काने अंगठा दिला नाही. हात ओले आहेत म्हणाली.)
मुक्काम तोंडवली, १२ ऑगस्ट १९५५