छताला टांगलेल्या खुर्च्या

४ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

आमच्या नव्या लष्करी गाडीची सुरुंगाची चाचणी फसली. गाडीचा तळ होडीसारखा निमुळता, त्यामुळे स्फोट दोन्ही बाजूंना फाकला. पत्रा फाटला नाही. मी आखलेल्या, छताला टांगलेल्या खुर्चीत जवानाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याचा कणाही शाबूत राहिला. पण दोन्ही घोट्यांचा भुगा झाला. चाचणी समितीचे अध्यक्ष म्हणाले, बाईंचा झोपाळा पुरे झाला, खुर्च्या खाली तळालाच ठोका. मे महिन्यात आपला धाकटा हीच गाडी घेऊन सुरुंगांच्या रस्त्यावर जाणार आहे. मला काही सुचत नाही. लोभ आहेच, या वेळी सल्लाही असावा.

तुमची थोरली

९ मार्च

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा बाप म्हणून वाचले. त्याचा उपयोग झाला नाही. दुसऱ्यांदा पुरावा म्हणून वाचले. चाचणी फसली, हे तुझे विधान मला मान्य नाही. एकाच पुतळ्याचा, एकाच क्षणी, कणा वाचला आणि घोटे गेले. तेव्हा या दोहोंत फरक कोणता, एवढाच प्रश्न उरतो. कणा टांगलेला होता. पावले कुठे होती, हे तू लिहिलेले नाहीस. ती तळावर टेकलेली असतील, तर खुर्चीविरुद्धचा पुरावा खुर्चीच्याच बाजूचा ठरतो. हे अध्यक्षांना सांग, आणि आवाज न चढवता सांग, तुझा चढतो. तुझी आई म्हणते, पोरगी तुमच्यावरच गेली आहे. हा आरोप मी तपासतो आहे. समितीचा निर्णय कळव.

बाबा

३० मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

पावले तळावरच होती! आता पाय ठेवायची पट्टीही खुर्चीलाच जोडली आहे. बसलेल्या माणसाचा तळाशी संबंधच उरला नाही. दुसऱ्या चाचणीतून पुतळा घोट्यांसकट सुखरूप निघाला. अध्यक्ष स्वतः खुर्चीत जाऊन बसले आणि उठेनातच. म्हणाले, बाई, सगळ्या गाड्यांना हेच बसवा. आवाज चढला होता, पण त्यांचा. धाकट्याला बजावले आहे, पाय खाली सोडलेस तर गाठ माझ्याशी. आईला नमस्कार, माया असू द्यावी.

तुमची थोरली

२१ मे

चि. थोरलीस,

धाकट्याचे पत्र आले. सोमवारी त्याच्या गाडीखाली सुरुंग फुटला. पुढचे चाक उडून पन्नास पावलांवर पडले. आतले सहाही जण धडधाकट आहेत. पत्रातले एक वाक्य तुझ्या आईने मला चारदा वाचायला लावले. पाचव्यांदा मी आपणहून वाचले: रस्ता तपासून झाल्यावर चाक आणायला मीच चालत गेलो.

अनेक आशीर्वाद, तुला आणि त्या खुर्चीला.

बाबा